जबानी आणि उलटतपासणी : हिंगोलीचे ठग व बडोद्याचा विषप्रयोगाचा खटला

१

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं जबान्या फार येतात. वतनाच्या तंट्यांतील करीने, पंचांपुढील साक्षी, पुरसिसा, आणि इंग्रजी अंमल बसल्यानंतरच्या फौजदारी कबुल्या, असे त्यांचे नाना प्रकार आहेत. असा कागद हातीं आला म्हणजे तो कोणत्या काळचा, त्यावरील शिक्का खरा कीं बनावट, तिथि व वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें आपण सर्वजण कसोशीनें पाहतों. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या (१७७३) संबंधांत ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची कथा आपल्याकडे पोरासोरांसहि ठाऊक आहे. त्यामुळें अक्षराकडे संशयानें पाहण्याची संवय आपल्या अंगीं मुरलेली आहे. परंतु कागद अस्सल ठरला म्हणजे त्यांतील मजकूरहि खरा ठरला, असें मनांतल्या मनांत धरून चालण्याची चूक आपल्या हातून वारंवार होते. आमच्या हातून तर ती अनेकदां झाली आहे, हें प्रथमच कबूल केलेलें बरें.

कागदाची परीक्षा निराळी व जबानीची परीक्षा निराळी. अस्सल कागदावर खोटी जबानी असूं शकते, आणि नकलेच्या नकलेंत खरी जबानी टिकून राहिलेली असूं शकते. पहिल्या परीक्षेचें शास्त्र संशोधकांनीं वाढविलें. दुसरीचें मात्र मुख्यतः फौजदारी न्यायालयांत वाढलें, आणि तें वाढविण्यांत गंभीर खटल्यांत आरोपीच्या बाजूनें उभ्या राहणाऱ्या ज्येष्ठ बॅरिस्टरांचा वांटा मोठा आहे. मनुष्याच्या प्राणाशीं गांठ पडल्यावर साक्षीदाराच्या शब्दाकडे कसें पाहावें, हें त्यांच्यापासून शिकण्यासारखें आहे.

यासाठीं आम्ही दोन प्रकरणें समोरासमोर मांडतों. पहिलें हिंगोलीच्या छावणींतील ठगांचें; त्यांत आरोपीच्या बाजूनें बोलणारा कोणीच नव्हता. दुसरें त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं बडोद्यास चाललेलें. त्यांत इंग्लंडांतील एक अग्रगण्य फौजदारी बॅरिस्टर आरोपीसाठीं उभा होता. दोन्ही प्रकरणांचा पाया एकाच तऱ्हेच्या पुराव्यावर होता. तो पुरावा म्हणजे गुन्ह्यांतील साथीदारानें माफीच्या आशेनें दिलेली जबानी.

२

प्रथम आपल्या शास्त्राचें मत पाहूं. स्मृतिकारांनीं व्यवहाराचे चार पाद सांगितले: भाषा म्हणजे वादीचें म्हणणें, उत्तर म्हणजे प्रतिवादीचें म्हणणें, क्रिया म्हणजे पुरावा, आणि शेवटीं निर्णय. उत्तरावांचून निर्णय देणें म्हणजे तीन पायांवर चौरंग उभा करणें होय. साक्षी या शब्दाचा अर्थ पाणिनीनें स्वतः पाहणारा असा दिला आहे, आणि मनूनेंहि साक्ष ही प्रत्यक्ष पाहण्यानें व प्रत्यक्ष ऐकण्यानें सिद्ध होते असें म्हटलें आहे. ऐकीव गोष्टीचा पसारा साक्षींत शिरूं नये हा त्यांतील हेतु उघड आहे.

येथवर सर्व सरळ आहे. अडचण येते ती गंभीर गुन्ह्यांत. खून, दरोडा, चोरी हीं कृत्यें गांवच्या चार प्रतिष्ठित गृहस्थांस बोलावून कोणी करीत नाहीं. म्हणून साक्षीदाराच्या पात्रतेचे जे कडक नियम ऋणादानादि व्यवहारांत घातले, ते साहस व चौर्य यांत मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांनींहि सैल केले. दुसरीकडे कात्यायनानें गंभीर अभियोगांत प्रतिनिधि देण्यास मनाई केली. तेथें ज्याचें त्यानेंच उत्तर द्यावें. या दोन नियमांचा एकत्र विचार केला म्हणजे विलक्षण स्थिति दिसते. जेथें साक्षीदार सर्वांत कमी विश्वासाचा, तेथेंच आरोपी सर्वांत एकटा.

शास्त्रकारांस ही स्थिति दिसली नसेल असें नाहीं. त्यांची भिस्त प्राड्विवाकावर होती. जो विचारतो आणि विवेक करतो तो प्राड्विवाक, अशी त्या शब्दाची फोड टीकाकार करतात. म्हणजे प्रश्न विचारण्याचा भार न्यायाधीशानेंच उचलावयाचा. न्यायाधीश रामशास्त्र्यांसारखा असला तर ही व्यवस्था उत्तम. पण त्यानें प्रश्न विचारलेच नाहींत, तर ते दुसरा कोणी विचारील अशी सोय तींत नव्हती.

इंग्रजांची गोष्ट याहून फार निराळी होती असें कोणी समजूं नये. त्यांच्या देशांत राजद्रोहाच्या आरोपांत वकील देण्याची मुभा सतराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली. पण खून, चोरी अशा गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलानें ज्यूरीपुढें त्याच्या बचावाचें भाषण करण्यास १८३६ पर्यंत बंदी होती. अठराव्या शतकांत न्यायाधीशांच्या मेहेरबानीनें वकिलास साक्षीदारांची उलटतपासणी करूं देत; त्यापुढें त्यानें मौन धरावयाचें. या बंदीमुळेंच उलटतपासणीची कला तेथें फोंफावली. जें भाषणांत सांगतां येत नसे, तें साक्षीदाराच्याच तोंडून प्रश्नांच्या योगें वदवावें लागे.

३

आतां हिंगोलीकडे वळूं. कयाधू नदीच्या कांठचें हें गांव आज एका जिल्ह्याचें मुख्य ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्याचे भाग पडून हिंगोली जिल्हा झाला. औंढा नागनाथ व नरसी नामदेव हीं क्षेत्रें याच जिल्ह्यांतील असल्यानें भाविकांस हा मुलूख परिचित आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंगोलीचें नांव दूरवर पोंचलें तें देवस्थानांमुळें नव्हे. हा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, आणि हिंगोलीस इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील निजामी फौजेची मोठी छावणी होती. छावणी म्हटली म्हणजे सदर बाजार आला, सावकार आले, कापडवाले आले, आणि येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंची वर्दळ आली.

निजामाच्या चाकरींतील इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांनीं १८३९ मध्यें लंडनमध्यें आपली ठगाच्या कबुलीजबाबाची सुप्रसिद्ध कादंबरी छापली. तिच्या प्रस्तावनेंत त्यांनीं हिंगोलीची जी हकीकत दिली आहे तिचा सारांश असा. हरिसिंग नांवाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणींत राहत असे. टेलर यांचा स्वतःचा व इतर पुष्कळांचा त्याच्याशीं देवघेवीचा व्यवहार होता. हा मनुष्य त्या भागांतील ठगांचा म्होरक्या होता असें पुढें उघडकीस आलें. एकदां हिंगोलीजवळच्या एका गांवचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे असें त्याला समजलें. तेव्हां त्यानें छावणीच्या मुलकी कामाचे अधिकारी कॅप्टन रेनल्ड्स यांच्याकडून मुंबईचें कापड आणण्याचा परवाना मागून घेतला. वाटेंत त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व तांड्याच्या हांक्यांस ठार केलें. आणि त्याच परवान्यावर तो माल हिंगोलीस आणून छावणींत राजरोस विकला. पकडला गेल्यावर त्यानें ही गोष्ट स्वतः सांगितली, आणि जणूं मोठी गंमत केली अशा ऐटींत सांगितली.

याहूनहि भयंकर मजकूर पुढें आहे. छावणीच्या बाजारांत, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आंत, अनेक खून झाले, आणि प्रेतें पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पांचशें यार्डांवर पुरलीं गेलीं. नदीस मिळणाऱ्या एका कोरड्या ओहोळांत, शेजारच्या गांवीं जाणाऱ्या रस्त्यालगत, हे खड्डे होते. माफीचे साक्षीदार एकामागून एक जागा दाखवीत गेले, आणि प्रत्येक खड्ड्यांतून कित्येक प्रेतें निघालीं. टेलर स्वतः त्या वेळीं हजर होते. शेवटीं किळस येऊन खोदणें थांबविलें, असें ते लिहितात.

या मजकुरावर अविश्वास दाखविण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं. खड्डे होते, प्रेतें होतीं, तीं मोजणारा साक्षात् द्रष्टा होता. हिंगोलीच्या वाटांवर निरपराध माणसें मारलीं गेलीं, आणि तीं कोण कोठचीं याचा पत्ता त्यांच्या घरच्यांस लागला नाहीं, हें या प्रकरणांतील पहिलें दुःख आहे. पुढें आम्ही जें लिहिणार आहों त्यानें तें दुःख हलकें होतें असें कोणी समजूं नये.

४

ठगांचा बंदोबस्त करण्याची मोहीम कंपनी सरकारनें १८३० च्या सुमारास जोरांत सुरू केली. तिचे सूत्रधार विल्यम स्लीमन. पद्धति अशी: पकडलेल्या एखाद्या ठगास अटीवर जीवदान द्यावें, त्यानें आपले साथीदार, केलेले खून आणि प्रेतें पुरल्याच्या जागा सांगाव्या, मग त्याच्या सांगण्यावरून दुसरे धरावे, आणि त्यांतून आणखी माफीचे साक्षीदार करावे. स्लीमन यांनीं ठगांच्या वंशावळी जुळविल्या, १८३६ मध्यें त्यांच्या गुप्त भाषेचा कोशहि छापला. संग्राहकाची जी चिकाटी आपण वाखाणतों ती या गृहस्थांत पुरेपूर होती. निरनिराळ्या साक्षीदारांस वेगवेगळें ठेवून त्यांच्या जबान्या पडताळून पाहण्याची दक्षताहि ते घेत. म्हणजे पडताळा मुळींच नव्हता असें नाहीं. तो एका बाजूचा होता. जो धरणारा तोच पडताळणारा.

मग १८३६ चा तिसावा कायदा झाला. कोणीहि मनुष्य कायद्यापूर्वीं वा नंतर, कंपनीच्या मुलखांत वा बाहेर, ठगांच्या टोळींत होता एवढें सिद्ध झालें कीं त्यास सक्तमजुरीसह जन्मठेप द्यावी, असें त्यानें ठरविलें. अमुक दिवशीं अमुक माणसास मारलें हें सिद्ध करण्याची गरज या कलमापुरती उरली नाहीं. अशा खटल्यांत मुसलमानी कायद्याच्या अधिकाऱ्याचा फतवा घेण्याचीहि जरूर ठेविली नाहीं. आणि ज्या १८३६ सालीं हिंदुस्थानांत हा कायदा झाला, त्याच सालीं इंग्लंडांत गंभीर गुन्ह्याच्या आरोपीस वकिलामार्फत पूर्ण बचाव करण्याचा हक्क कायद्यानें मिळाला. एकाच वर्षीं एका टोंकास दार उघडलें व दुसऱ्या टोंकास तें लावलें गेलें.

परिणामाचे आंकडे टेलर यांनींच दिले आहेत. १८३१ ते १८३७ या अवधींत एकंदर ३,२६६ ठग हातीं लागले. त्यांपैकीं १,०५९ जणांस काळ्या पाण्यावर धाडलें, ४१२ जणांस फांशीं दिलें, ८७ जणांस जन्मठेप झाली, ४८३ जण माफीचे साक्षीदार झाले, आणि ९३६ जण अद्याप चौकशीवांचून तुरुंगांत होते. चौकशीनंतर सोडून दिलेल्यांची संख्या ३२. बत्तीस हा आंकडा वाचकांनीं क्षणभर थांबून पाहावा. धरलेले इतर सर्वच दोषी असतील, असेंहि संभवतें. परंतु तसें होतें कीं नाहीं हें आज आपणांस कशावरून कळावें? या खटल्यांत आरोपीच्या बाजूनें विचारलेला एक प्रश्नहि कागदावर नाहीं. कारण विचारणारा वकीलच नव्हता.

५

अशा प्रश्नांनीं काय साधतें हें पाहावयाचें तर बडोद्याच्या खटल्याकडे गेलें पाहिजे. पुराव्याची जात तीच: साथीदार, माफी, कबुली. फरक इतकाच कीं येथें दुसऱ्या बाजूस मनुष्य उभा होता.

खंडेराव गायकवाड १८७० च्या नोव्हेंबरांत वारल्यावर त्यांचे बंधु मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी फार झाल्या, आणि रेसिडेंट कर्नल फेर यांच्याशीं त्यांचें हाडवैर जडलें. ९ नोव्हेंबर १८७४ रोजीं सकाळीं फिरून आल्यावर फेर यांनीं पपनसाच्या सरबताचे दोनतीन घोट घेतले. चव बिघडलेली वाटून उरलेलें सरबत त्यांनीं फेंकून दिलें. तेव्हां पेल्याच्या तळाशीं काळसर गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर व मुंबईचे रासायनिक परीक्षक यांनीं त्या गाळांत सोमल व हिऱ्याची भुकटी असल्याचें सांगितलें. मुंबईचे पोलीस कमिशनर सूटर तपासास आले. १८७५ च्या जानेवारींत महाराजांस अटक झाली, आणि २३ फेब्रुवारीस कमिशनपुढें चौकशी सुरू झाली.

कमिशनांत सहा जण होते. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. इंग्रज सभासद सर रिचर्ड मीड व मेल्विल. आणि हिंदी सभासद जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग व सर दिनकरराव राजवाडे. सरकारतर्फे मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल. महाराजांतर्फे विलायतेहून आणलेले सार्जंट बॅलंटाइन. त्यांच्या जोडीस मुंबईचे नामांकित वकील शांताराम नारायण प्रभृति मंडळी होती.

विल्यम बॅलंटाइन यांचें वय तेव्हां साठीच्या पुढें गेलें होतें. १८६४ मध्यें लंडनच्या आगगाडींतील खुनाबद्दल फ्रांट्स म्यूलर यावर जो खटला झाला त्यांत ते सरकारी बाजूस होते; टिचबोर्न वारशाच्या प्रचंड दाव्यांत ते दावेदाराचे वकील होते. म्हणजे आरोप रचण्याची व आरोप मोडण्याची अशा दोन्ही कला त्यांस अवगत होत्या. ज्येष्ठ फौजदारी बॅरिस्टराचें पहिलें लक्षण हेंच आहे. ज्यानें घर बांधलें आहे, त्यालाच भिंतीचा कच्चा दगड कोठें असतो तें ठाऊक असतें.

सरकारी पुराव्याचे मुख्य खांब तीन. रेसिडेन्सीच्या शिपायांचा हवालदार रावजी, जमादार नरसू, आणि महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत. विष पेल्यांत टाकल्याचें रावजीनें कबूल केलें; सोमल व हिरे मिळविल्याचें दामोदरपंतांनीं सांगितलें. या जबान्या ओळीनें वाचल्या तर एकसंध वाटतात. आमच्यासारख्यानें त्या दप्तरांत वाचल्या असत्या, तर कदाचित् तशाच्या तशा उतरून घेऊन छापल्याहि असत्या.

बॅलंटाइन यांनीं काय केलें? त्यांनीं जबानीचा मजकूर बाजूस ठेवून तिची जन्मकथा विचारली. रावजीनें आधीं कबुली दिली, तीहि माफीचें वचन मिळाल्यावर. मग दुसऱ्या शिपायाकडे गेलेला त्याचा पट्टा मागवून आणला, आणि पोलीस अधिकारी अकबर अली यांनीं तो तपासला तेव्हां त्यांत सोमलाची पुडी सांपडली. इतक्या दिवसांत ती कोणास दिसली नव्हती. पुडी पट्ट्यांत होती म्हणून सांपडली, कीं सांपडावी म्हणून पट्ट्यांत आली? हा प्रश्न बॅलंटाइन यांनीं भर कमिशनपुढें उभा केला. दामोदरपंत कबुलीपूर्वीं गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यांत होते, आणि सुटकेची इच्छा हें त्यांच्या बोलण्याचें एक कारण होतें, हेंहि त्यांच्याच तोंडून बाहेर आलें.

पुढें रावजीच्या हकीकतींत ज्या पेड्रो नांवाच्या बटलरास गोंविलें होतें, तो सरकारतर्फेच साक्षीस उभा राहिला, आणि महाराजांकडून पैसे घेतल्याचें कबूल करूनहि विषाचा संबंध त्यानें साफ नाकारला. दोन्ही साक्षीदार एकाच पक्षाचे. दोघेहि खरे असूं शकत नाहींत. जवाहिऱ्या हेमचंद फतेचंद यास हिऱ्यांच्या विक्रीचा पुरावा म्हणून आणलें. त्यानें वहींतील नोंदी पोलिसांच्या दडपणाखालीं झाल्या असें सांगून सरकारी पक्षासच अडचणींत टाकलें. संग्राहकांनीं ही गोष्ट विशेष ध्यानीं धरावी. वही अस्सल, अक्षर अस्सल, कागद त्याच काळचा; आणि तरीहि नोंद संशयास्पद. खुद्द फेर यांच्या तपासणींत, महाराजांच्या विरोधकांपैकीं भाऊ पुणेकर या मनुष्याच्या बातम्यांवर ते किती विसंबून होते, हें पुढें आलें.

निकाल सर्वांस ठाऊक आहे. तिघां इंग्रज सभासदांनीं महाराजांस दोषी धरलें. शिंदे, जयपूरकर व दिनकरराव यांच्या मतें विषप्रयोगाचा आरोप शाबीत झाला नाहीं. मतें तीन विरुद्ध तीन पडलीं. तेव्हां सरकारनें १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यानें महाराजांस पदच्युत केलें तें विषप्रयोगाच्या निर्णयावर नव्हे, तर गैरकारभाराच्या कारणावर. महाराज मद्रासेस रवाना झाले व तेथेंच १८८२ मध्यें वारले. गादीवर कवळाण्याचे सयाजीराव आले.

तर मग बॅलंटाइन यांनीं मिळविलें काय? गादी गेली ती गेलीच. मल्हारराव निर्दोष होते असेंहि त्यांनीं सिद्ध केलें नाहीं. तसें सिद्ध करणें हें बचावाच्या वकिलाचें काम नव्हे. त्यांचें काम एवढेंच कीं आरोप करणाऱ्यानें आपला भार स्वतः उचलावा, आणि तो कोठें लटपटतो तें सर्वांस दिसावें. एखादा आडदांड वकील उलटतपासणीच्या नांवाखालीं भल्या साक्षीदारासहि भांबावून सोडतो, हेंहि खरें. त्याचें समर्थन कोणी करणार नाहीं. परंतु बडोद्याच्या खटल्यांतील प्रश्नोत्तरें छापून निघालीं, आणि त्यामुळें आज कोणीहि अभ्यासकानें तीं वाचून स्वतःचें मत बनवावें अशी सोय झाली. काउच यांच्याशीं सहमत व्हावें किंवा दिनकररावांशीं, साधनें दोघांसाठींहि तींच आहेत. बॅरिस्टरानें आपल्या अशिलाची गादी राखली नाहीं, पण इतिहासाचें साधन राखलें.

६

आतां हींच नजर घेऊन पुन्हां हिंगोलीच्या त्या ओहोळापाशीं येऊं, आणि तेथें जे प्रश्न कोणी विचारले नाहींत ते आपण विचारूं.

पहिला प्रश्न: सांगणाऱ्यानें पाहिलें काय आणि ऐकलें काय? टेलर यांनीं प्रेतें पाहिलीं. व्यापाऱ्याचा खून त्यांनीं पाहिला नाहीं. तो हरिसिंगाच्या कबुलीवरून कळला. ती कबुली कोणापुढें, कोणत्या भाषेंत, पकडल्यापासून कितव्या दिवशीं झाली, हें प्रस्तावनेंत नाहीं. आणि प्रस्तावना ही कादंबरीची आहे, हेंहि विसरतां कामा नये.

दुसरा प्रश्न: खड्ड्यानें काय सिद्ध होतें? प्रेतानें खून सिद्ध होतो, खुनी सिद्ध होत नाहीं. ज्या माणसानें बिनचूक खड्डा दाखविला, त्याला ती जागा ठाऊक होती एवढें निश्चित. म्हणजे दाखविणाऱ्याविरुद्धचा तो उत्तम पुरावा आहे. पण तोच मनुष्य ‘माझ्याबरोबर अमुक होता’ असें म्हणतो, तेव्हां त्या ‘अमुका’विरुद्ध खड्डा कांहींच बोलत नाहीं. साथीदाराची जबानी गुन्ह्याविषयीं जितकी खरी ठरते, तितकी ती माणसांच्या नांवांविषयींहि खरी मानण्याचा मोह होतो. आणि खोट्याला शिरण्यास नेमकी तीच फट असते.

तिसरा प्रश्न: स्वतंत्र दुजोरा कोठें मिळाला असता? परवान्याची नोंद छावणीच्या दप्तरांत असावयास हवी. मेलेल्या व्यापाऱ्याच्या घरीं, मुंबईच्या आडत्याच्या वहींत, कापड विकत घेणाऱ्यांकडे त्याच मालाची खूण निघावयास हवी. परवाना, वही व घरच्यांची साक्ष हीं तिन्हीं एकत्र आलीं, तर हरिसिंगाची कबुली वज्रलेप होते. एकहि न आलें, तर ती एका बंदिवानाची बढाई राहते. हे कागद हैदराबादेच्या किंवा इतर दप्तरांत, नाहीं तर एखाद्या जुन्या पेढीच्या बाडांत, कोणाच्या दृष्टीस पडले तर ते किती मोलाचे ठरतील, हें संग्राहकांस सांगावयास नको.

चौथा प्रश्न: बोलण्यानें बोलणाऱ्याचें काय वांचत होतें? माफीचा साक्षीदार उपयोगी असेपर्यंत जिवंत होता. नवीं नांवें संपलीं कीं त्याची उपयुक्तता संपली. अशा माणसानें सर्व खोटेंच सांगितलें असें मुळींच नाहीं; पण नांवें पुरवीत राहण्याची निकड त्यास होती, एवढें तरी जबानी वाचणाऱ्यानें समासांत टिपून ठेवलें पाहिजे.

या प्रश्नांवरून ठग हे केवळ सरकारच्या कल्पनेंतून निघाले, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाहीं. ओहोळांतील प्रेतें कल्पनेंतून निघत नाहींत. उलट, हे प्रश्न त्या मेलेल्या वाटसरूंसाठींहि आहेत. खरा मारेकरी सुटून साक्षीदार झाला आणि त्याच्या जागीं दुसरा फांशीं गेला, असें एकदां जरी घडलें असेल, तरी मेलेल्यास न्याय मिळाला नाहीं, आणि जित्यावर अन्याय झाला तो वेगळाच.

७

पुढील काळांत कायद्यानें हा धडा हळूहळू गिरविला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत दोन कलमें शेजारीं नसूनहि जोडीनें वाचलीं जात: एकांत केवळ साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा दिली तरी ती बेकायदा नव्हे असें म्हटलें; दुसऱ्यांत महत्त्वाच्या बाबींत दुजोरा मिळाल्यावांचून साथीदार विश्वासास पात्र नाहीं असें न्यायालयानें मानावें अशी मुभा ठेविली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांत तर दुजोऱ्याची गोष्ट साथीदाराच्या कलमांतच घातली आहे. आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमानें अटक झालेल्या माणसास आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क दिला, आणि १९७६ मध्यें घातलेल्या ३९ अ या कलमानें गरिबास कायद्याची मदत विनामूल्य मिळावी असें धोरण घालून दिलें. बडोद्याच्या महाराजास जें द्रव्याच्या बळावर मिळालें, तें हिंगोलीच्या ओहोळाकांठीं धरलेल्या माणसासहि मिळावें, हा या कलमांचा आशय आहे. व्यवहारांत तो किती उतरतो हा प्रश्न निराळा. पण कात्यायनापासून स्लीमनपर्यंत एकटा उभा असलेला आरोपी शास्त्रानें आतां एकटा ठेवलेला नाहीं.

आम्ही चाळीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें. पाठभेद असला तर कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हें आधीं पाहा, मग अर्थाच्या मागें लागा, असें आम्ही सांगत असूं. जबानी ही सुद्धां एक पोथीच आहे. ती कोणाच्या तोंडून, कोणाच्या लेखणीनें, कोणाच्या भयानें वा लोभानें उतरली, हें बॅरिस्टर विचारतो. आपणहि तें विचारलें पाहिजे. ज्यांच्या विरुद्ध ती दिली गेली ते आतां उत्तर देण्यास येऊं शकत नाहींत. त्यांचें उत्तर कागदांत नसेल, तर निदान तें नाहीं एवढी नोंद तरी आपल्या टिपणींत असावी. भाषा, उत्तर, क्रिया व निर्णय या चारांपैकीं जो पाद तुटलेला आहे, तो तुटलेला म्हणूनच दाखविणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे.

ज्या कोणा संग्राहकाजवळ हिंगोली, वसमत, परभणी या भागांतील त्या काळचे परवाने, पेढ्यांच्या वह्या किंवा जबान्या असतील, त्यांनीं त्या प्रकाशांत आणाव्या, आणि प्रकाशांत आणतांना प्रत्येक जबानीपुढें वरील चार प्रश्न ठेवावे, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों. इत्यलम्.